गाडीत राहायचं तर गाडी कशी तयार कराल: गोव्यातून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षी चवथ उरकून मी आणि नवरा फोंड्याहून गाडीने निघालो. राजस्थान, पंजाब करत हिमाचलात केलाँगपर्यंत गेलो आणि त्याच गाडीने घरी परतलो. एकूण ५२ दिवस, त्यातल्या ४१ रात्री गाडीतच झोपलो. गाडी काही खास नाही. जुनी घेतलेली सात आसनी डिझेल, मागच्या दोन्ही रांगा दुमडणारी. ती राहण्याजोगी करायला पाच महिने लागले, आणि त्यातले निदान तीन महिने आधी केलेली कामं उसवण्यात गेले. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी माहिती शोधत होते तेव्हा वाचायला मिळालं ते बहुतेक थंड देशांसाठी लिहिलेलं. गाडीत ऊब कशी धरून ठेवायची, याचीच चर्चा. आपली अडचण वेगळी. गोव्यात पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावरसुद्धा आठवड्याभरात पांढरा बुरा चढतो, मग पत्र्याच्या बंद डब्यात दोन माणसं रात्रभर श्वास सोडत झोपली तर आत काय होत असेल ते ओळखा. त्यामुळे या लेखात ओल आणि हवा यांना सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

१. आधी रिकाम्या गाडीत दोन रात्री झोपा

एक खिळासुद्धा विकत घेण्याआधी हे करा. आसनं दुमडा, घरातली गादी टाका आणि अंगणात गाडी लावून दोघं झोपा. पाय कुठे अडतात, कूस बदलताना कोपर कुठे लागतं, रात्री उठायचं झालं तर कोणाला कोणावरून जावं लागतं, हे दोन रात्रींत कळतं. टेप घेऊन आतली लांबी, रुंदी आणि बसल्यावर डोक्यावर उरणारी उंची मोजा. रुंदी तीन ठिकाणी मोजा: चाकांच्या कमानींमध्ये, खिडकीखाली आणि मागच्या दरवाजापाशी. तिन्ही आकडे वेगळे येतात.

गाडी अजून घ्यायची असेल तर किनारपट्टीवर वापरलेली गाडी खालून बघितल्याशिवाय घेऊ नका. खारी हवा वरचा रंग शाबूत ठेवते आणि खालून पत्रा खाते. रॅम्पवर चढवा, दरवाजांखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी आणि जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा काळ्या कोटिंगचा पापुद्रा सुटला तर तिथे पत्रा गेलेला आहे. आम्ही पाहिलेल्या चार गाड्यांपैकी दोन अशाच निघाल्या, आणि दोन्हींवर नुकताच नवा काळा कोट मारलेला होता.

२. कायद्यात काय बसतं ते समजून घ्या

इथे बहुतेकजण अडकतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आपल्या कामात याचा अर्थ असा:

- छप्पर कापून पंखा किंवा झरोका बसवू नका, छप्पर उंच करून घेऊ नका.
- आसनं कायमची काढून टाकू नका. आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते. दुमडणारी आसनं असलेली गाडी घेण्याचं मुख्य कारण हेच.
- मालवाहू गाडी घेऊन तिच्या हौद्यात माणसं झोपवत प्रवास करण्याचा विचार सोडून द्या.
- पुढचा लोखंडी बुल बार नको. डिसेंबर २०१७ पासून केंद्राने त्याला मनाई केली आहे.
- काचांमधून पुढे-मागे निदान ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. काळी फिल्म लावून आडोसा करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

बांधीव पलंग, सिंक, शौचालय असं पक्कं घरच हवं असेल तर त्यासाठी वेगळी वाट आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानक आहे. मंजुरी असलेल्या बॉडी बिल्डरकडून गाडी बांधून घेतली की आरसीवर तशी नोंद होते. ते काम मोठं आणि खर्चाचं आहे. एका लांबच्या प्रवासासाठी त्याची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही एकच नियम ठेवला: गाडीत ठेवलेली प्रत्येक वस्तू दोन माणसांना अर्ध्या तासात बाहेर काढता आली पाहिजे. पलंगाचा सांगाडा, स्वयंपाकाची पेटी, बॅटरीची पेटी, सगळं सुटं. पत्र्याला एकही नवीन भोक पाडलं नाही. याचा दुसरा फायदा गोव्यात फार मोठा आहे. पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन पावसाळ्यांत गंज सुरू होतो.

सुटं म्हणजे हलणारं नव्हे. आसनांचे मूळ बोल्ट आणि डिकीतले कंपनीचे हुक यांनाच रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे बांधा. करकचून ब्रेक मारला की भरलेला पाण्याचा जार थेट पुढच्या माणसाच्या पाठीवर येतो. पट्टे बांधल्यावर पेटी दोन्ही हातांनी हलवा. गाडी हलली आणि पेटी जागची हलली नाही, म्हणजे जमलं.

३. सुतारकामाआधी वजनाचा हिशेब

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन असतं, आणि गाडीच्या पाटीवर किंवा माहितीपुस्तकात भरल्या गाडीची कमाल मर्यादा. दोन्हींतला फरक एवढंच तुमचं भांडवल, आणि त्यात तुम्ही दोघंही आलात. प्लायचं वजन लोक धरतच नाहीत. ८ बाय ४ फुटांचा १८ मिमीचा एक ताव साधारण ३५ किलो भरतो, १२ मिमीचा २३ किलोच्या आसपास. घरच्या फर्निचरची सवय असलेला सुतार सहज १८ मिमी घालतो. त्याला आधीच सांगा.

काम झाल्यावर पाण्यासकट सगळं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. खाणींच्या ट्रकांमुळे डिचोली, सावर्डे भागात वजनकाटे आहेत. आधी पूर्ण गाडी चढवा, मग फक्त मागची चाकं चढवून घ्या. मागचा भार मर्यादेत हवा, कारण घाटात उतरताना गाडीचं वागणं त्यावर ठरतं. टायरमधली हवा भरल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवा. ड्रायव्हरच्या दरवाजापाशी तो लिहिलेला असतो.

४. पलंग: खालून वारा खेळला पाहिजे

आमचा पहिला पलंग दिसायला सुंदर होता. १८ मिमी प्लाय, या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत घट्ट बसवलेली, वर चार इंची फोम, त्यावर रेक्झिनची खोळ. जुलैत दहा रात्री अंगणात झोपून पाहिलं. अकराव्या दिवशी गादी उचलली तर खालच्या प्लायवर आम्हा दोघांच्या पाठींच्या आकाराचे दोन ओले डाग, आणि त्यांच्या कडेने मिरीएवढे काळे ठिपके. गादीच्या खालच्या बाजूला हात लावला तर बोटं ओली झाली. पाऊस कुठूनही आत आला नव्हता. ते सगळं पाणी आमचंच. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून एका रात्रीत अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी बाहेर पडतं. ते फोममधून खाली झिरपतं आणि थंड फळीला टेकलं की तिथेच राहतं.

मी पेडण्याच्या माझ्या माहेरच्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावलं. त्याने फळीवर नख ओढलं, वास घेतला आणि म्हणाला, "बाय, लाकूड पाणी पितं, पत्रा पाणी सोडतो. त्या दोघांना चिकटवू नकोस." दुसरा पलंग त्याने याच एका वाक्यावर बांधला, आणि तोच ५२ दिवस टिकला. त्याची रचना अशी:

सांगाडा २५ मिमी चौकोनी ॲल्युमिनियम पाइपचा, तीन तुकड्यांत, नट-बोल्टने जोडलेला. वर अडीच इंच रुंदीच्या लाकडी पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये दोन बोटं जागा. पट्ट्यांना चारही बाजूंनी पॉलिश, कापलेल्या टोकांनासुद्धा, कारण लाकूड पाणी ओढतं ते टोकांतून. सांगाडा आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सगळीकडे चार बोटं मोकळी. प्लाय फक्त पेट्यांना वापरली, तीही १२ मिमी आणि बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) दर्जाची. घेताना तावावर आयएस ७१० चा शिक्का बघा. दुकानदार तोंडाने 'वॉटरप्रूफ' म्हणतो त्यावर जाऊ नका.

गादीचे तीन तुकडे करा. फोम तीन इंच पुरतो. खोळ सुती, चेन लावलेली, धुता येणारी. रेक्झिन अजिबात नको. सकाळी उठल्या उठल्या चहाआधी तिन्ही तुकडे भिंतीला टेकवून उभे करायचे आणि दरवाजे उघडायचे. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण एक दिवस चुकलं तर दुसऱ्या रात्री गादी गार लागते.

उष्णता अडवायला छताच्या आतल्या बाजूने फोम लावायचा असेल तर पाणी न शोषणारा घ्या. एसीच्या पाइपांना गुंडाळतात तो काळा नायट्रिल रबराचा फोम शीटमध्ये मिळतो, एसीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. काचलोकर आपल्या हवेत लावू नका, ती ओल धरते आणि आतून पत्रा कुजवते.

५. हवा, जाळी आणि पडदे

हवा आत यायला एक वाट आणि बाहेर जायला समोरासमोर दुसरी, असं असेल तरच खेळते. एकच खिडकी उघडून काही होत नाही.

छप्पर न कापता आम्ही हे केलं. मागच्या एका खिडकीची काच वीतभर खाली करून त्या फटीत बसेल अशी ॲक्रिलिकची पट्टी कापून घेतली. तिच्यात संगणकाला असतात तसे १२ सेंटीमीटरचे, १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे बाहेर हवा फेकतील असे बसवले. दोन्ही मिळून पाच-सहा वॅटच खातात. समोरच्या बाजूची पुढची काच तीन बोटं उघडी. दोन्ही खिडक्यांवर पावसाळी व्हायझर, म्हणजे पाऊस असला तरी फट उघडी राहते. पायांकडे १५ वॅटचा एक छोटा १२ व्होल्टचा पंखा, तो आमच्या अंगावर. गोव्याच्या ऑक्टोबरातल्या उकाड्यात तेवढं पुरत नाही. पण घाट चढून वर गेलं की चादर लागते.

जाळी शिंप्याकडून शिवून घ्या. मागच्या दोन्ही दरवाजांवर मोजा चढवावा तशी वरून चढणारी पिशवी, खाली इलॅस्टिक. काच वर-खाली करता येते आणि डास येत नाहीत. मागच्या मोठ्या दरवाजासाठी चुंबक शिवलेला पडदा करा. माझ्या दृष्टीने सगळ्या खर्चात सर्वांत वसूल झालेली वस्तू हीच. झोप मिळाली तरच दुसऱ्या दिवशी गाडी नीट चालवता येते.

आडोशासाठी चंदेरी बबलशीट प्रत्येक काचेच्या मापाने कापून, कडेला कापडी पट्टी शिवून घ्या. ती फक्त गाडी उभी असताना लावायची. चालत्या गाडीत काचांना पडदे ठेवू नका, पोलीस थांबवतात आणि त्यांचं बरोबर आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका, एक रात्रसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या आणि उशाच्या उंचीवर लावा.

६. वीज: आधी हिशेब, मग बॅटरी

दुकानात जाऊन "मोठी बॅटरी द्या" म्हणू नका. कागदावर रोजचा खप मांडा. आमचा असा होता:

- पंखे: २० वॅट, ९ तास = १८० वॅट-तास
- दिवे: १० वॅट, ४ तास = ४०
- दोन मोबाईल = ३०
- लॅपटॉप एकदा = ६०

एकूण ३१० वॅट-तास. यात १२ व्होल्टचा फ्रिज धरला तर चित्र बदलतं. त्याचा कॉम्प्रेसर ४५ वॅट घेतो आणि आपल्या उकाड्यात दिवसाचा अर्धा वेळ चालू असतो, म्हणजे एकट्या फ्रिजचेच ५४० वॅट-तास. आम्ही फ्रिज घेतला नाही. आपल्या देशात दूध, भाजी, दही रोज सकाळी प्रत्येक गावात मिळतं. ते साठवण्यासाठी वीस किलोचं यंत्र, दुप्पट बॅटरी आणि दुप्पट सोलर कशाला वाहायचं? लहान मूल किंवा फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं औषध असेल तर गोष्ट वेगळी.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तास म्हणजे ६४० वॅट-तास, त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरता येतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त पडते, पण निम्मीच वापरावी लागते. जड असते, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. झोपायच्या जागेत ती ठेवूच नये. लिथियमची एक अट लक्षात ठेवा. शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं. केलाँगला ऑक्टोबरातल्या पहाटे आमच्या गाडीतलं पाणी गोठलं होतं. थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, असलेलीच बॅटरी मागा.

चार्जिंगच्या दोन वाटा ठेवा. छतावरच्या कॅरियरवर १०० वॅटचं पॅनेल आडवं टाकलं तर स्वच्छ उन्हात दिवसाला ३०० ते ४०० वॅट-तास येतात, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा) असेल तर. पावसाळी ढगात त्याच्या पाव भागावर समाधान मानावं लागतं. म्हणून दुसरी वाट गाडीच्या अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राची, तीही डीसी-डीसी चार्जरमधून. २० अँपिअरचा चार्जर तासाला साधारण २५० वॅट-तास भरतो. रोज दोन तास गाडी चालणार असेल तर सोलर नसला तरी चालतं. गाडीच्या मूळ बॅटरीला पंखे जोडू नका, सकाळी स्टार्टर नुसता टकटक करत बसेल.

आता वायरिंग. इथे मी कोणाचं ऐकलं नाही ते बरं झालं. गॅरेजमधल्या वायरमनने घरात असते तशी बारीक वायर ओढायला काढली होती. १२ व्होल्टमध्ये वाट लांब झाली की विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, घटतो. पाच मीटर लांब, जाऊन-येऊन दहा मीटर, १० अँपिअर. यात २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीत पाऊण व्होल्ट वाटेतच जातो, ६ चौरस मिमीमध्ये ०.३. मुख्य वायर जाड घ्या. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरातच बसवा, कारण फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो आणि बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा उघडाच राहतो. प्रत्येक शाखेला वेगळा फ्यूज. टोकं पिळून टेप गुंडाळू नका, लग (धातूचं टोक) क्रिंप करून, म्हणजे पकडीने दाबून, घ्या. आपल्या खाऱ्या हवेत पिळलेलं तांबं सहा महिन्यांत हिरवं पडतं. पत्र्यातल्या कंपनीच्या मूळ भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, हवीच.

इन्व्हर्टर ३०० वॅटचा पुरे. इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक किटली चालवायचं डोक्यात असेल तर काढून टाका. १,००० वॅटचं उपकरण १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९० अँपिअरच्या वर ओढतं.

७. चूल आणि पाणी

स्वयंपाक गाडीच्या मागे, दरवाजा वर उघडून, जमिनीवर उभं राहून करायचा. आत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर खाली, म्हणजे नेमका पलंगाखाली साचतो.

पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. पंपावर किंवा वितरकाकडे विचारा. घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवर रंगवलेलं अक्षर आणि वर्ष वाचा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी २७' लिहिलं असेल तर २०२७ च्या सप्टेंबरनंतर तो घ्यायचा नाही. नळी आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी. सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद. ब्युटेनच्या छोट्या डब्यांची शेगडी हलकी आणि सोयीची आहे, पण थंड डोंगरात पहाटे ती मंदावते आणि शून्याच्या आसपास विझतेच. आम्ही डबा अंगावरच्या शालीत गुंडाळून ऊबदार करून मग चहा ठेवायचो.

गोव्यातच सराव करणार असाल तर ध्यानात ठेवा. पर्यटनस्थळी आणि किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे, किनाऱ्यावर गाडी उतरवायलाही. ओळखीच्या कोणाच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, त्यांना विचारून, चूल मांडा.

पाण्यासाठी २० लिटरचे दोन फूडग्रेड कॅन. एका लिटरला एक किलो, म्हणजे ४० किलो, आणि ते मागच्या चाकाच्या पुढे, जमिनीलगत ठेवायचे. पिणं, स्वयंपाक आणि भांडी मिळून दोघांना दिवसाला १२ ते १५ लिटर लागलं. आंघोळ वेगळी. हाताने दाबायचा साधा पंप घ्या, तो बिघडत नाही. कॅन रंगीत किंवा झाकलेले ठेवा, उन्हात पारदर्शक कॅनमध्ये शेवाळ धरतं.

८. शौचालय

घडीचा कमोड आणि पिशव्या रात्रीच्या अडचणीपुरत्या ठेवा. रोजची सोय पेट्रोल पंपांवर होते. हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह पंपावर विनामूल्य द्यायचंच असतं. डिझेल भरताना रात्री मुक्कामाला परवानगी विचारली तर मोठ्या महामार्गांवरचे पंप बहुधा नाही म्हणत नाहीत. मी बाई म्हणून सांगते, जागा निवडताना नेहमी उजेड आणि ट्रकवाल्यांची वर्दळ असलेली निवडली, आणि एकदाही भीती वाटली नाही.

९. कागदपत्रं

- आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे परवाने. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले चालतात, तरी डोंगरात नेटवर्क नसतं म्हणून एक कागदी संच.
- फास्टॅग, आरसीच्याच नावावर.
- जुनी गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललेलं. जुन्या मालकाच्या नावावर गाडी घेऊन राज्याबाहेर पडू नका. महाराष्ट्रातून घेतली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त वापरायची तर तिथला नंबर घ्यावाच लागतो.
- विमा कंपनीला कॅरियर आणि पॅनेलची लेखी कल्पना. आमच्या कंपनीने आधी तोंडी "चालतं" सांगितलं होतं. आम्ही ईमेलवर लिहून मागितल्यावर त्यांनी थोडा जादा हप्ता घेऊन नोंद केली.
- अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला जाणार असाल तर इनर लाइन परमिट.
- गाडी दहा-पंधरा वर्षांची असेल तर दिल्ली परिसरातले जुन्या गाड्यांचे निर्बंध निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा, ते बदलत राहतात.

दक्षिणेकडे वायनाड किंवा उटीला निघालात तर बंडीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. आणि गोव्यातली दारूची बाटली गाडीत असेल तर पत्रादेवीची राज्याची हद्द ओलांडण्याआधी घरी ठेवून या. पुढे इन्सुलीच्या नाक्यावर महाराष्ट्र उत्पादन शुल्कवाले सामान उघडून बघतात, आणि घराएवढं सामान भरलेली गाडी रिकामी करून दाखवायला अर्धा दिवस जातो.

१०. तीन चाचण्या

पहिली, पावसात. ऐन जुलैत अंगणात तीन रात्री. सकाळी टॉर्च घेऊन प्रत्येक कोपऱ्यात, आसनांच्या खाली आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बघा. आमच्या गाडीत मागच्या दिव्याच्या रबरातून थेंब-थेंब पाणी येत होतं. ते फक्त हाताला कळलं.

दुसरी, घाटात. फोंड्याहून मोले आणि अनमोड घाट चढून रामनगरपर्यंत, पूर्ण भारासह. वर पोचल्यावर पट्टे किती सैल झाले, कुठून कुरकुर येते, इंजिनचं तापमान किती चढलं, हे लिहून ठेवा. उतरताना ब्रेक तापल्याचा वास आला तर वजन कमी करा.

तिसरी, सलग चार रात्री, घरी न येता. आम्ही आंबोलीला गेलो. तिथे रात्रभर धुकं गाडीत शिरतं, म्हणून ओलीची परीक्षा तिथेच होते. चौथ्या सकाळी मी गादी उचलून खालच्या पट्ट्यांवरून तळहात फिरवला. हात कोरडा. परतल्यावर दोघांनी मिळून चार दिवसांत हात न लागलेली प्रत्येक वस्तू खाली काढली: घडीचं टेबल, दुसरा कुकर, जाड रग, हत्यारांची अर्धी पेटी. काट्यावर ११ किलो भरली. ती पुन्हा चढवली नाही.